घासण्याला फुकटचं श्रेय

शाळेत फुगा केसांवर घासायचा, कागदाचे कपटे उचलून दाखवायचे, ‘घर्षणाने विद्युतभार निर्माण होतो’ असं वहीत उतरवायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. बहुतेकांचा स्टॅटिकशी संबंध तिथेच संपतो. माझं पोट त्यावर चालतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्ली फ्लोअरवर ईएसडी बघणं हे माझं काम. ईएसडी म्हणजे साठलेला चार्ज नको तिथे, नको तेव्हा उडी मारून निघून जातो तो प्रकार. तो तसा जाऊ नये म्हणून फरशी, खुर्च्या, चपला, मनगटाचे पट्टे, हवेतला दमटपणा तपासत हिंडणारी बाई म्हणजे मी. फ्लोअरवरच्या मुली तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे ‘स्टॅटिकवाली’. दोन्ही चालतं.

या कामात मुरल्यापासून वहीतल्या त्या वाक्याशी माझं भांडण आहे. वाक्य खोटं नाही, पण श्रेय भलत्यालाच देतं. घासण्याने होतं काय, तर दोन पृष्ठभाग जास्त ठिकाणी आणि पुन्हा पुन्हा एकमेकांना टेकतात. चार्ज इकडून तिकडे जायला नुसतं टेकणंही पुरतं. आणि तो चार्ज डोईजड होतो तो घासल्यामुळे नाही, तर टेकलेल्या दोन वस्तू नंतर एकमेकींपासून दूर गेल्यामुळे. खरी करामत वेगळं होण्यात आहे.

कसं ते सांगते. दोन वेगवेगळ्या पदार्थांचे पृष्ठभाग एकमेकांना भिडले की एकाकडचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे सरकतात. एक बाजू जराशी ऋण, दुसरी जराशी धन. पण जोवर दोघे चिकटून आहेत तोवर बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. ऋण आणि धन समोरासमोर, मध्ये जेमतेम नॅनोमीटरभर अंतर, आणि दोघांमधलं व्होल्टेज व्होल्टाच्या एखाद्या अंशाइतकं. आता ते पृष्ठभाग ओढून वेगळे करा. ऋण आणि धन एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ओढायला जोर लागतो. तो जोर तुमचा हात लावतो, आणि हाताने केलेलं ते काम व्होल्टेजच्या रूपाने साठत जातं. परातीतलं पाणी उभ्या नळीत ओतलं तर पाणी तेवढंच राहतं, उंची मात्र कितीतरी वाढते. चार्ज म्हणजे ते पाणी, आणि व्होल्टेज म्हणजे उंची.

एक नॅनोमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत गेलात तर अंतर दहा लाख पटींनी वाढलं. कागदावरचा हिशोब म्हणतो व्होल्टेजही तितकंच वाढावं, म्हणजे ०.१ व्होल्टाचे एक लाख व्होल्ट. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण पृष्ठभाग सुटता सुटता बराचसा चार्ज मागच्या दाराने परत पळतो. शिवाय हवेची सहनशक्तीही ठरलेली आहे. मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट, म्हणजे मिलिमीटरला ३,००० व्होल्ट. त्यापुढे हवा ऐकत नाही, ठिणगी पडते. कोरड्या दिवशी स्वेटर डोक्यावरून काढताना जो तडतड आवाज येतो तो घासण्याचा नाही. कापड कापडापासून सुटताना परत पळणाऱ्या चार्जचा तो आवाज आहे. अंधारात काढून बघा, दिसतोसुद्धा.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही, रोज आलेखावर बघते. नवीन फरशी किंवा नवीन पादत्राणं आली की आम्ही वॉकिंग टेस्ट घेतो. चालणाऱ्याच्या हातात धातूचा दांडा, दांड्याची वायर मीटरला, आणि मीटरचा आकडा रेघ होऊन पडद्यावर. माणूस ठरलेल्या पावलांनी पुढे-मागे चालत राहतो. रेघ करवतीच्या दात्यांसारखी निघते. पाऊल उचललं की वर, टेकवलं की खाली. पण टेकवल्यावर ती पुरती खाली येत नाही, मागच्या वेळेपेक्षा जरा वरच थांबते. म्हणून दोन-चार पावलांत सगळी करवतच वर चढत जाते, आणि जितका चार्ज येतोय तितकाच झिरपून जायला लागला की एका पातळीवर सपाट होते. आमच्या वाहक फरशीवर, वाहक तळव्यांच्या चपला घालून, ही रेघ १०० व्होल्टांच्या आत राहिली पाहिजे. साध्या रबरी तळव्याने सिंथेटिक गालिच्यावर चाललात तर रेघ हजारांत जाते.

नवीन मुलींना मी याच मीटरवर एक गंमत दाखवते. एका जागी उभं राहून तळवा जमिनीवर खच्चून घासायला सांगते. रेघ जागची फारशी हलत नाही. मग म्हणते, “आता उचल पाय.” रेघ टुणकन वर. हे बघितलं की ‘घर्षणाने’ हा शब्द पुसायला मला वेगळं भाषण द्यावं लागत नाही. याहून मोठी उडी मारायची असेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून झटकन उठावं. पाठ आणि मांड्या एवढा मोठा पृष्ठभाग खुर्चीपासून एका दमात सुटतो.

आता थोडा हिशोब, कारण आकडे बघितल्याशिवाय या प्रकाराचा स्वभाव कळत नाही. माणसाच्या शरीराची चार्ज साठवण्याची क्षमता साधारण १०० पिकोफॅरड धरतात. फारच तुटपुंजी. शरीर १०,००० व्होल्टांवर गेलं तरी त्यात चार्ज असतो एक मायक्रोकुलोम, म्हणजे सहा लाख कोटी इलेक्ट्रॉन. संख्या दांडगी वाटते, पण साध्या टॉर्चच्या बल्बमधून सेकंदभरात याच्या लाखपट तरी जातात. ऊर्जा काढली तर पाच मिलिज्यूल, अर्ध्या ग्रॅमचं वजन एक मीटर उचलायला लागते तेवढी. म्हणून १०,००० व्होल्टांचा चटका बसून माणूस “आई गं” म्हणतो आणि कामाला लागतो. नुसतं ‘हजारो व्होल्ट’ म्हणून घाबरवणारे लोक हा गुणाकार पुरा करत नाहीत.

ठिणगीकडे मात्र जवळून बघण्यासारखं आहे. बोट दाराच्या मुठीकडे चाललंय. अंतर तीनेक मिलिमीटर उरलं, आणि मधल्या हवेवर मिलिमीटरला तीन हजार व्होल्टांचा ताण आला. हवेत एरवीही काही इलेक्ट्रॉन मोकळे भटकत असतात, आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे आणि जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे सुटलेले. असा एखादा इलेक्ट्रॉन ताणात सापडतो, वेग घेतो, वाटेतल्या रेणूला धडकून दुसरा इलेक्ट्रॉन मोकळा करतो. एकाचे दोन, दोनाचे चार. बघता बघता लोंढा तयार होतो आणि बोटापासून मुठीपर्यंत एक बारीक वाट तापून उजळते. त्या वाटेतली हवा हजारो अंशांवर जाऊन एकदम फुगते, तोच ‘टच्’ आवाज. शरीर आणि त्वचेचा रोध दीड हजार ओहम धरला तर क्षणभराचा प्रवाह सहा अँपिअरच्या पुढे जातो. सहा अँपिअर! पण ओसरायला लागतात काहीशे नॅनोसेकंद. दुखतं ते एवढ्यासाठी की सगळा प्रवाह बोटाच्या टोकावरच्या टाचणीएवढ्या जागेतून जातो. म्हणून मुठीला आधी किल्ली टेकवली तर चटका जाणवत नाही. ठिणगी किल्लीच्या टोकाशी पडते आणि त्वचेतून जाताना प्रवाह किल्ली धरलेल्या सगळ्या बोटांवर पसरतो. आणि ३,००० व्होल्टांच्या खालची ठिणगी बहुतेकांना कळतही नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, माझी नोकरी त्यावर टिकून आहे.

कारण चिपला कळतं. आजच्या चिपच्या आत ट्रान्झिस्टरच्या गेटखाली जो विद्युतरोधक थर असतो तो काही नॅनोमीटर जाडीचा. नॅनोमीटरमागे साधारण एक व्होल्ट एवढीच त्याची ताकद. पिनांवर संरक्षक डायोड बसवलेले असतात म्हणून तो तग धरतो, तरी काही नाजूक भाग १०० व्होल्टांच्या आतही जातात. ज्या चार्जची ऑपरेटरला गंधवार्ता नाही, त्याने चिपमध्ये भोक पडलेलं असतं. आणि गेलेली चिप परवडली. अर्धवट जखमी चिप टेस्टमध्ये पास होते आणि ग्राहकाच्या घरी जाऊन मरते.

आता चार्जला वाट करून देण्याविषयी. इथे मला स्टीफन ग्रे या इंग्रज माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १७२९ साली तो चार्ज दोरीवरून किती लांब नेता येतो हे बघत होता. दोरी आडवी टांगायला त्याने रेशमाचे धागे घेतले. का, तर रेशीम बारीक असतं, बारीक धाग्यावरून चार्ज गळणार नाही असा त्याचा अंदाज. प्रयोग जमला. मग वजनाने रेशीम तुटलं, म्हणून त्याच्याऐवजी तितकीच बारीक पण दणकट अशी धातूची तार लावली. आणि सगळा चार्ज गायब! तार बारीकच होती, तरी. म्हणजे प्रश्न जाडीचा नव्हता, पदार्थाचा होता. वाहक आणि विसंवाहक असा भेद जगाला कळला तो तुटलेल्या रेशमामुळे. पुढे १७४६ मध्ये फ्रान्सच्या राजासमोर नोले नावाच्या पाद्र्याने १८० शिपायांना हातात हात घालून उभं केलं आणि लायडन जारमधला, म्हणजे चार्ज साठवायच्या काचेच्या बरणीतला, चार्ज त्यांच्यातून सोडला. सगळे एकदम उडाले. राजा खूश झाला म्हणतात. शिपायांचं मत कुणी नोंदवलेलं दिसत नाही.

ग्रेला जे कळलं ते आजही फ्लोअरवर रोज नव्याने समजवावं लागतं. सगळ्यांची समजूत एकच: ‘अर्थिंग केलं की झालं.’ अर्थिंग वाहकाचं होतं. माणूस वाहक आहे, म्हणून त्याच्या मनगटाला पट्टा बांधून तो अर्थला जोडला की त्याच्यावरचा चार्ज निघून जातो. पट्ट्याच्या वायरमध्ये मुद्दाम एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून मेन्सच्या २३० व्होल्टांना हात लागला तर मिलिअँपिअरच्या पाव हिश्शाहून जास्त प्रवाह जाऊ नये म्हणून. एवढा मोठा रोध असूनही शरीर रिकामं व्हायला मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. पण प्लॅस्टिकच्या ट्रेला, थर्माकोलच्या तुकड्याला, पारदर्शक पिशवीला तुम्ही अर्थची वायर सोन्याची लावलीत तरी काही होणार नाही. वायर टेकली तेवढ्या बिंदूवरचा चार्ज जाईल, बाकीचा आपल्या जागी बसून राहील. त्याला हलायला वाटच नाही.

याच समजुतीपायी एकदा एक लाइन बरीच रखडली होती. एका मॉडेलचे बोर्ड शेवटच्या टेस्टमध्ये नापास होत होते, आणि मेलेली असायची दर वेळी तीच चिप, तिचीच इनपुट पिन शॉर्ट. जो तो त्या स्टेशनवर बसणाऱ्या मुलीकडे बघायचा. “ताई, स्ट्रॅप तर लावलाय की मी!” ती रडकुंडीला आली होती. स्ट्रॅप, म्हणजे तो मनगटाचा पट्टा, खरंच लावलेला होता, तपासला तर ठणठणीत. मॅट बरोबर, फरशी बरोबर, खुर्ची बरोबर. सुपरवायझर साहेबांचं मत पडलं की चिपचा लॉटच खराब असणार.

मी फील्ड मीटर घेऊन तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. हे यंत्र हातात मावणारं. वस्तूपासून इंचभर धरायचं, स्पर्श न करता ते वस्तूवरचं व्होल्टेज सांगतं. बोर्डावर धरलं, काही नाही. तिच्या हातावर धरलं, काही नाही. तिला म्हटलं, “तू तुझं काम कर, माझ्याकडे बघू नकोस.” तिने बोर्ड प्लॅस्टिकच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या साच्यात, ठेवला, डिस्प्ले वर बसवला, आणि डिस्प्लेच्या काचेवरची पारदर्शक संरक्षक फिल्म एका झटक्यात सोलून काढली. मीटरचा आकडा हजारांत गेला. फिल्म तिच्या हातात लोंबत होती, बोर्डापासून चार बोटांवर, आणि पुढच्याच क्षणाला तिने टेस्टची केबल बोर्डाला जोडली.

आता नीट बघा काय घडत होतं. फिल्म बोर्डाला शिवतच नाही. पण फिल्मवर आणि सोललेल्या काचेवर बसलेल्या चार्जचा प्रभाव आजूबाजूला पसरलेला असतो. फिल्मवर ऋण चार्ज आहे असं धरा. समोरच्या बोर्डातले इलेक्ट्रॉन तिला घाबरून पलीकडच्या कडेला सरकतात. बोर्ड एकूणात उदासीनच आहे, चार्ज कमी-जास्त झालेला नाही, पण सगळा बोर्ड आता काहीशे व्होल्टांवर तरंगतोय, कारण तो प्लॅस्टिकच्या फिक्स्चरमध्ये अधांतरी आहे. अशात त्याला अर्थला जोडलेल्या केबलची पिन टेकली. कडेला जमलेले इलेक्ट्रॉन त्या पिनमधून नॅनोसेकंदात बाहेर धावले, आणि वाटेत जी चिप होती तिचा बळी गेला. तिचा स्ट्रॅप यात काहीच करू शकत नव्हता. चार्ज तिच्या अंगावर नव्हताच.

मात्र फिल्मला अर्थिंग करता येत नाही, मग उपाय काय? हवाच थोडी वाहक करायची. आयोनायझर म्हणजे बारीक सुयांच्या टोकांवर उच्च दाब देऊन हवेत धन आणि ऋण आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, सोडणारा पंखा. फिल्मला धन हवं असेल तर ती धन ओढून घेते, ऋण हवं असेल तर ऋण. यात जादू नाही आणि तो लगेचही काम करत नाही, दोन-चार सेकंद द्यावे लागतात. मी त्याच्या जोडीला कामाचा क्रम बदलला. फिल्म आधी, बोर्डापासून लांब, पंख्याच्या झोतात, सावकाश सोलायची. मग डिस्प्ले बसवायचा. बोर्ड मरायचे थांबले. लॉटला दोष देणारं ते मत परत कुणी काढलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही. त्या मुलीला मात्र मी सगळ्यांसमोर सांगितलं, की तुझं काही चुकत नव्हतं.

दमटपणाबद्दल एक जुना गैरसमज आहे, तोही इथेच मोडते. दमट हवेतून चार्ज वाहून जातो म्हणून पावसाळी दिवसांत चटके बसत नाहीत, असं म्हणतात. दमट हवा काही वाहक नसते. होतं असं, की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य, रेणूंच्या काही थरांइतका पातळ पापुद्रा बसतो, आणि चार्ज त्या पापुद्र्यावरून सरपटत निघून जातो. म्हणून टेफ्लॉनसारखा पाण्याला थाराच न देणारा पदार्थ दमट हवेतही बराच वेळ चार्ज धरून बसतो. फरक किती पडतो ते सांगणारा एक तक्ता आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं छापला जातोय. गालिच्यावर चालताना १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टांपर्यंत, आणि ६५ ते ९० टक्क्यांत १,५००. बंद खोलीत हीटर लावून बसणाऱ्यांना चटके जास्त बसतात ते याचमुळे. हवा तापली, पाणी तेवढंच राहिलं, की सापेक्ष आर्द्रता खाली येते.

कुठला पदार्थ धन होणार आणि कुठला ऋण, याचीही एक यादी असते. केस, नायलॉन, लोकर धन होण्याकडे. पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन ऋण होण्याकडे. कापूस कुठेतरी मधोमध. पहिली अशी यादी योहान विल्के याने १७५७ मध्ये दिली. पण तिच्यावर फार विसंबू नका. हवेत ठिणगी न पडता एखाद्या पृष्ठभागाला जास्तीत जास्त जेवढा चार्ज धरता येतो, तो पृष्ठभागावरच्या अणूंच्या संख्येशी ताडून पाहिला तर लाखभर अणूंमागे एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन, एवढाच निघतो. एवढ्याशा गोष्टीवर खेळ चालला असेल तर बोटाचा घाम, साबणाचा अंश, कालची धूळ, काहीही निकाल फिरवू शकतं. यादीतल्या शेजाऱ्यांनी जागा बदलल्या तर मला नवल वाटत नाही.

आणि मुळात जातं काय? मी वर बिनधास्त ‘इलेक्ट्रॉन सरकतात’ म्हटलं. धातूंच्या बाबतीत ते ठामपणे म्हणता येतं. दोन प्लॅस्टिकच्या बाबतीत अजून वाद आहे. कुणी म्हणतं इलेक्ट्रॉन, कुणी म्हणतं पृष्ठभागावरचे आयन, कुणी म्हणतं पदार्थाचे सूक्ष्म कणच एकावरून दुसऱ्यावर जातात आणि चार्ज सोबत नेतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या चमूने चार्ज झालेले पृष्ठभाग अतिसूक्ष्म पातळीवर तपासले, तर एकसलग ऋण किंवा एकसलग धन असं काही सापडलंच नाही. दोन्हींचे ठिपके गोधडीसारखे शेजारी शेजारी, आणि आपल्याला बाहेरून जाणवते ती फक्त त्यांची बेरीज-वजाबाकी. त्याआधी २००८ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या शास्त्रज्ञांनी निर्वात पेटीत साधी चिकटपट्टी रिळावरून सोलली तेव्हा क्ष-किरण बाहेर पडले. त्या क्ष-किरणांनी त्यांनी बोटाचं छायाचित्रही काढलं. हवा नसली की ठिणगीला अडवणारे रेणू नसतात, इलेक्ट्रॉन भरधाव जाऊन आदळतात. उघड्या हवेत पट्टी सोलताना हे होत नाही, तेव्हा घाबरू नका.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र घाबरलेलं बरं. हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ पेटायला ०.२ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. वर आपल्या अंगावर पाच निघाली होती. गाडीत पेट्रोल भरणं चालू असताना पुन्हा आत जाऊन बसलात, मग सीटवरून घसरत बाहेर आलात आणि तोच हात सरळ नोझलला लावला, तर ठिणगी नेमकी वाफेच्या तोंडाशी पडू शकते. भरणं चालू असताना आत बसूच नये. बसलातच तर नोझलला शिवण्याआधी टाकीच्या तोंडापासून लांब, गाडीच्या उघड्या धातूला हात लावावा. कॅन भरायचा असेल तर जमिनीवर ठेवून, नोझल त्याच्या तोंडाला टेकवून भरावा, गाडीतल्या गालिच्यावर ठेवून नाही. नळीतून वाहणारं पेट्रोलही नळीच्या भिंतीपासून सतत ‘वेगळं’ होतच असतं आणि चार्ज सोबत घेऊन येतं. म्हणून मोठे टँकर भरताना, नळीचं तोंड द्रवात बुडेपर्यंत, वेग सेकंदाला एक मीटरवर ठेवतात. विमानात इंधन भरण्याआधी टँकर आणि विमान तारेने जोडतात तेही यासाठीच.

गाडीतून उतरताना बसणारा रोजचा चटका टाळायला तर पैसाही लागत नाही. उतरल्यावर दाराला हात लावायचा नाही, उतरण्याआधी लावायचा. दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरा आणि धरूनच उठा. कपडे सीटपासून सुटत असताना जो चार्ज तयार होतो तो तिथल्या तिथे निघून जातो, साठून उंची गाठायला त्याला वेळच मिळत नाही.

ढगातसुद्धा हाच कारभार आहे, फक्त ओढणारा हात वाऱ्याचा. गारांच्या बारीक गोळ्या आणि हलके हिमकण एकमेकांवर आपटतात. गोळ्या बहुधा ऋण होऊन खाली राहतात, हिमकण धन होऊन चढत्या वाऱ्याबरोबर वर जातात, आणि दोघांत किलोमीटरभर अंतर पडलं की पुढचं आपल्याला ऐकू येतंच.

या चार्जला मी दिवसभर शिव्या देते, पण त्याने माणसाचं भलंही केलंय. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा हातरुमालाने घासून चार्ज केला, त्यावर अक्षरं लिहिलेली काच ठेवून उजेड पाडला आणि वर बारीक भुकटी भुरभुरली. जिथे उजेड पडला तिथला चार्ज गेला, अक्षरांच्या सावलीत राहिला, आणि भुकटी अक्षरांवर चिकटली. पहिली झेरॉक्स. आणि हो, तिथेही रुमाल पत्र्यापासून उचलावाच लागला होता.

हे सगळं स्वतः बघायचं असेल तर फुग्याच्या नादी लागू नका, चिकटपट्टी आणा. एक पट्टी टेबलावर चिकटवून ठेवा, ती नुसती बैठक. तिच्यावर वीतभर पट्टी चिकटवा, टोक दुमडून पकडायला जागा ठेवा, आणि खस्सकन ओढून काढा. तशीच दुसरी. दोघी जवळ आणल्या तर एकमेकींपासून दूर वळतात. आता दोन नव्या पट्ट्या एकीवर एक चिकटवा, ती जोडी सावकाश सोलून हवेत धरा, गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवून असलेला चार्ज घालवा, आणि मग दोघींना एकमेकींपासून ओढून वेगळं करा. या वेळी त्या एकमेकींकडे झेपावतात. टेकल्या होत्या तोवर निपचित होत्या, हे ध्यानात घ्या. यातली कुठली ऋण हे ठरवायला शेवटी फुगा लागतो: केसांवर घासलेला रबरी फुगा सहसा ऋण असतो, त्याच्यापासून जी पट्टी पळेल तीही ऋण. नुसतं बोट जवळ नेलंत तर मात्र दोघीही बोटाकडेच येतील, कारण त्या बोटातले इलेक्ट्रॉन सरकवतात, त्या फिल्मने बोर्डातले सरकवले होते तसेच. दमट दिवशी पट्ट्या सुस्त पडतात, हाताला घाम असेल तर तो पुसून घ्या आणि पट्टी फक्त टोकाला धरा.